मेंदूतले निवडणे-टिपणे

तांदूळ निवडायला बसलेल्या बाईला कोणी असे विचारीत नाही, की हा दाणा का ठेवलात आणि तो का टाकलात. भात पानात पडला आणि दाताखाली खडा आला नाही, म्हणजे निवडणे चांगले झाले, एवढा आपला सरळ हिशेब असतो. पण समजा, खडे आणि तांदूळ रंगाने-आकाराने सारखेच आहेत, आणि भात खाऊन बघण्याची सोयही नाही; मग मात्र निवडणारीला विचारावेच लागेल, "बाई, तुमची निवडण्याची रीत तरी काय?" मेंदूचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांवर अशीच पाळी आली आहे. त्यांच्या सुपातले दाणे म्हणजे मेंदूतल्या विजेच्या उसळ्या. त्या निवडायच्या कशा, आणि निवडल्या त्या बरोबर कशावरून, याची हकीकत यंदाच्या दिवाळीत या सदरातून सांगावी असे मनात आले. विषय ऐकून बिचकू नका. फराळाचे ताट बाजूला सारण्याचेही कारण नाही. एकेक चकली मोडता मोडता समजेल असाच तो आहे.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. त्या एकमेकींशी बोलतात ते विजेच्या भाषेत, आणि ती भाषा फार मोजकी आहे. पेशीला काही सांगावयाचे असले, की तिच्यात विजेची एक उसळी येते. ती साधारण एक सहस्रांश सेकंद टिकते आणि विरते. शास्त्रज्ञ तिला 'स्पाइक' म्हणतात, आपण उसळीच म्हणू. उसळी अर्धीमुर्धी येत नाही. येते ती पुरी, नाही तर येतच नाही. पेशीला जोर देऊन सांगावयाचे असले, तर ती मोठ्याने ओरडत नाही, भराभर उसळ्या देते. जुन्या तारऑफिसातला कड-कट्ट आवाज ज्यांनी ऐकला असेल, त्यांना या भाषेची कल्पना चटकन येईल.

एकट्या मज्जातंतूच्या उसळ्या प्रथम टिपल्या त्या इंग्लंडात केंब्रिज येथे, एडगर एड्रियन यांनी. १९२६ साली झोटरमन या स्वीडिश सहकाऱ्याबरोबर त्यांनी बेडकाचा एक चिमुकला स्नायू घेतला. त्याच्या मज्जातंतूत अनेक धागे, आणि साऱ्यांच्या उसळ्या एकात एक मिसळलेल्या. तेव्हा या दोघांनी काय केले, तर स्नायूचा एकेक तुकडा कापून टाकीत गेले. शेवटी एकाच धाग्याचे बोलणे ऐकू येईल इतकाच भाग उरला. उसळ्या निवडण्याची ही पहिली रीत. ती सुरीने निवडण्याची होती! पुढे १९३२ साली एड्रियन यांना शेरिंग्टन यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

याच एड्रियन यांची एक गंमत सांगण्यासारखी आहे. एकदा अंधाऱ्या खोलीत ते एका भेकाच्या डोळ्याच्या मज्जातंतूवर प्रयोग करीत होते. तंतूतल्या उसळ्या कानाला ऐकू याव्यात म्हणून यंत्राला कर्णा जोडलेला होता. कर्ण्यातून मधूनमधून तडतड ऐकू येई, आणि का ते कळेना. पुष्कळ वेळाने त्यांच्या ध्यानात आले, की आपण खोलीत हिंडतो तेव्हाच ती तडतड होते. भेक त्यांच्याकडे बघत होता, आणि त्याचा डोळा "हा पहा, हलला!" अशी वर्दी मेंदूला देत होता.

बेडकाचा स्नायू कापीत जाता येतो; चालत्या-बोलत्या मेंदूत सुरी चालत नाही. तेथे केसाहून बारीक तार हळूच आत सोडावी लागते आणि आजूबाजूच्या पेशी जे बोलतील ते ऐकावे लागते. तारेपर्यंत पोचणारी ही वीज फार क्षीण असते. एका उसळीचा दाब शंभर मायक्रोव्होल्टच्या आसपास धरला, तर टॉर्चमधल्या साध्या सेलच्या दाबाचा तो पंधरा हजारावा हिस्सा झाला. क्षीणपणावर उपाय आहे. आवाज मोठा करून घेता येतो. खरी अडचण दुसरीच आहे. तारेजवळ एक पेशी नसते, अनेक असतात, आणि त्या सगळ्या बोलत असतात.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री घरात बसून बाहेरचे फटाके ऐका, म्हणजे ही अडचण कळेल. कोणी सुतळी बॉम्ब लावला, कोणी लवंगी माळ, कोणी लांब नदीकाठी आपटबार फोडतो आहे. एकाच खिडकीशी बसून तुम्हांला सांगावयाचे आहे, की कुलकर्ण्यांकडे किती फटाके वाजले आणि शिंद्यांकडे किती. जवळची लवंगी आणि दूरचा बॉम्ब, दोन्हींचा आवाज सारखाच वाटणार. मग आवाजाचा बारीक पोत बघावा लागतो. प्रत्येक पेशीची उसळी आकाराने थोडी वेगळी दिसते. एखादीची अरुंद, एखादीची पसरट, कोणाची शेपूट लांब. १९६४ साली गर्स्टाइन आणि क्लार्क या अमेरिकन संशोधकांनी तारेवरच्या वेष्टणाला बारीक छिद्रे पाडून एकाच वेळी अनेक पेशींचे बोलणे टिपले, आणि उसळ्यांच्या आकारावरून ते निरनिराळे करण्याचे काम संगणकाला सांगितले. सुरीची जागा गणिताने घेतली ती अशी.

पुढची युक्ती कोणालाही सुचावी अशी आहे. एका खिडकीऐवजी दोन खिडक्यांत कान ठेवला तर? कुलकर्ण्यांचा फटाका पूर्वेच्या खिडकीत मोठा, पश्चिमेच्या खिडकीत बारीक. शिंद्यांचा नेमका उलट. १९८३ साली दोन तारा जवळजवळ ठेवण्याची पद्धत निघाली, नंतर चार तारांचा पीळ आला. १९९३ साली विल्सन आणि मॅकनॉटन यांनी अशा चौतारी पिळांच्या साह्याने हिंडत्या उंदराच्या मेंदूतील ७३ ते १४८ पेशींचे बोलणे एकाच वेळी टिपून दाखविले. त्या काळी ही मोठी मजल होती.

पण निवडीत निवडणाऱ्याचा हात राहिलाच. संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक उसळीचा एक ठिपका. सारख्या उसळ्यांचे ठिपके जवळजवळ येऊन त्यांचे ढग बनत. संशोधक पडद्याशी बसे आणि माउसने एकेका ढगाभोवती कुंपण घाली: ही एक पेशी, ही दुसरी. दोन ढग सुटे-सुटे असले तर ठीक. पण दोन ढगांच्या कडा एकमेकींत शिरल्या असल्या, तर कुंपण कोठे घालावयाचे? येथे ज्याची त्याची नजर आणि ज्याचा त्याचा धीर. संध्याकाळी सहा वाजता घातलेले कुंपण आणि सकाळी दहा वाजता घातलेले कुंपण एकच असेल, याचीही खात्री कोणी द्यावी?

ही शंका नुसती शंका राहिली नाही. २००० साली अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात केनेथ हॅरिस, बुझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या निवडीची परीक्षाच घेतली. चौतारी पीळ बाहेरून ऐकत असतानाच त्यांनी एका पेशीच्या आत काचेची सूक्ष्म नळी घातली. त्यामुळे त्या एका पेशीची उसळी नेमकी केव्हा आली, हे निर्विवाद कळले. मग त्याच नोंदी माणसांना निवडायला दिल्या. अनुभवी हातांच्या निवडीतही चूक निघाली. काही ठिकाणी ती ३० टक्क्यांपर्यंत गेली. संगणकाच्या मदतीने निवडले, तेव्हा ती बरीच खाली आली. २००४ साली ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी खऱ्यासारख्या दिसणाऱ्या, पण संगणकावर तयार केलेल्या नोंदी लोकांना निवडायला दिल्या. उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे लपवाछपवीला जागा नव्हती. सरासरी २३ टक्के उसळ्या भलत्याच पेशीच्या नावावर लागल्या, आणि ३० टक्के हातातून निसटल्या.

आता तुम्ही म्हणाल, "दहा उसळ्या इकडच्या तिकडे झाल्या म्हणून काय बिघडले?" बिघडते ते ऐका. २००५ साली क्विरोगा, कॉख, फ्रीड आदी संशोधकांनी एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली. लॉस एंजेलिसच्या रुग्णालयात फेफऱ्याचे काही रुग्ण होते. औषधांनी त्यांचा आजार आटोक्यात येत नव्हता, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी आजाराचे मूळ शोधण्यासाठी डॉक्टरांनी त्यांच्या मेंदूत तारा घातल्या होत्या. रुग्णांच्या संमतीने त्यांना चित्रे दाखविली. एका रुग्णाच्या मेंदूतील एक पेशी जेनिफर अॅनिस्टन या नटीचे चित्र दिसले, की उसळ्या देई. बाकीची चित्रे पाहून गप्प. दुसऱ्या एकाच्या मेंदूत हॅली बेरी या नटीची तशीच पेशी सापडली, आणि तिने तर नटीचे नुसते नाव लिहिलेले पाहूनही उसळ्या दिल्या! आपल्या डोक्यात मधुबालेची पेशी कोठे असेल, असा विचार काही वाचकांच्या मनात आला असेलच. पण जरा थांबा. शेजारच्या दोन पेशींचे बोलणे एकीच्याच नावावर मांडले गेले असते, तर या शोधाला काय अर्थ उरला असता? "ही एक पेशी" हे तीन शब्द खरे असतील, तरच पुढचे सारे खरे. म्हणजे एवढा मोठा निष्कर्ष उभा होता तो निवडण्याच्या रीतीवर. ती रीत क्विरोगा यांनी 'वेव्ह क्लस' या नावाच्या प्रोग्रॅमच्या रूपाने २००४ साली मांडली होती, आणि तो प्रोग्रॅम कोणालाही फुकट मिळत होता. ज्याला शंका येईल त्याने तो उघडून पाहावा.

आपल्या विषयाचा गाभा येथे आहे. संगणकाचा प्रोग्रॅम म्हणजे एक पाककृतीच: आधी हे करा, मग ते करा, अमुक झाले तर तमुक करा. पुष्कळ कंपन्या ती कृती कुलपात ठेवतात आणि तयार लाडू तेवढा विकतात. ओपन सोर्स प्रोग्रॅमची कृती मात्र सर्वांपुढे मांडलेली असते. ती वाचावी, वापरावी, चूक दिसली तर दुरुस्त करावी आणि दुरुस्ती इतरांनाही द्यावी, अशी मुभा असते. फुकट मिळणे हा त्यातला लहान फायदा. मोठा फायदा हा, की "तुम्ही कसे निवडले?" या प्रश्नाला पुरे उत्तर देता येते.

२०१७ साल उजाडले आणि हाताने निवडण्याचा काळ बहुतेक संपलाच. त्या वर्षी 'न्यूरोपिक्सेल्स' नावाची सिलिकॉनची सळई जगापुढे आली. ती बेल्जियममधील आयमेक या संस्थेत बनते. लांबी एक सेंटिमीटर, रुंदी साधारण केसाच्या जाडीइतकी. आणि तेवढ्या सळईवर ऐकण्याच्या ९६० जागा! त्यांपैकी ३८४ जागांवरून एकाच वेळी ऐकता येते. प्रत्येक जागेवर सेकंदाला ३०,००० मोजमापे होतात. तुम्हीच गुणाकार करून पाहा: एका सेकंदात १ कोटी १५ लाख २० हजार आकडे, आणि तासाभरात चार हजार कोटींहून अधिक. पूर्वी खिडक्या चार होत्या, आता ३८४ झाल्या. माउसने कुंपणे घालीत बसणाऱ्याचा जन्म त्यात जायचा.

या कामासाठी जे प्रोग्रॅम निघाले, त्यांत 'किलोसॉर्ट'चे नाव आज घरोघरी म्हणजे प्रयोगशाळोप्रयोगशाळी झाले आहे. मारियस पाकितारियु, हॅरिस आणि त्यांचे सहकारी यांनी तो २०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तयार केला. त्याची रीत थोडक्यात अशी. प्रथम पाखडणे: मेंदूच्या संथ लाटा आणि सर्व जागांवर सारखाच येणारा गोंगाट काढून टाकावयाचा. मग सारख्या उसळ्या एकत्र करून प्रत्येक पेशीचा एक साचा बनवायचा. कोणत्या जागेवर तिची उसळी केवढी आणि कशी दिसते, ते त्या साच्यात असते. पुढे सारी नोंद या साच्यांशी ताडून पाहावयाची. दोन पेशी एकदमच बोलल्या, तर एकीचा साचा बेरजेतून वजा करावयाचा आणि उरल्यात दुसरी दिसते का ते पाहावयाचे. यासाठी लागणारे जंगी गणित तो कोणाकडून करवून घेतो, हे ऐकून पालकांना नवल वाटेल. मुले व्हिडिओ-गेम खेळतात त्यासाठी जे ग्राफिक्स कार्ड निघाले, तेच येथे उपयोगी पडते!

तरी खोडी उरतातच. मेंदू मऊ असतो. श्वासाबरोबर, हालचालीबरोबर तो सळईपासून किंचित वर-खाली सरकतो. मग काल पन्नासाव्या खिडकीत ऐकू येणारी पेशी आज बावन्नाव्या खिडकीत बोलू लागते, आणि साध्या प्रोग्रॅमला वाटते की ही कोणी नवीनच आली. काही पेशी लागोपाठ उसळ्या देताना दमल्यासारख्या होतात आणि त्यांची उसळी लहान होत जाते. तेव्हाही एकीच्या दोन होण्याचे भय. उलट दोन पेशी एकीत गुंतल्या आहेत का, हे ओळखण्याची एक नामी खूण मात्र निसर्गानेच देऊन ठेवली आहे. उसळी दिल्यावर प्रत्येक पेशीला एक-दोन सहस्रांश सेकंद विश्रांती घ्यावीच लागते. एकाच पेशीच्या नावावर त्याहून कमी अंतराच्या पुष्कळ उसळ्या दिसल्या, तर समजावे की एका रेशनकार्डावर दोन कुटुंबे आहेत.

किलोसॉर्टच्या आगेमागे असे पुष्कळ प्रोग्रॅम झाले. न्यूयॉर्कच्या फ्लॅटआयर्न संस्थेशी निगडित मंडळींनी 'माउंटनसॉर्ट' काढला, पॅरिसच्या संशोधकांनी 'स्पायकिंग सर्कस'. कृती सगळ्यांच्याच उघड्या. पण प्रत्येकाची मांडणी निराळी, मापे निराळी. एकाचे पीठ दुसऱ्याच्या सोऱ्यात बसेना. तेव्हा बुचिनो, हर्विट्झ, गार्सिया, मॅगलँड आदी संशोधकांनी मिळून 'स्पाइकइंटरफेस' नावाची चौकट तयार केली आणि २०२० साली ती प्रसिद्ध केली. ही चौकटही ओपन सोर्स. तिच्यात एकच नोंद घालून अनेक प्रोग्रॅमकडून निवडून घेता येते आणि निकाल शेजारी-शेजारी मांडता येतात.

त्यांनी तसे करून पाहिले. एका न्यूरोपिक्सेल्स सळईची नोंद सहा प्रोग्रॅमना दिली. निकाल पाहून कोणीही चपापावे असा होता. सहाही जणांना एकमताने सापडलेल्या पेशी थोड्या. ज्यांना एकाच प्रोग्रॅमने पाहिले आणि बाकीच्यांनी पाहिलेच नाही, अशा 'पेशी' पुष्कळ. उत्तर माहीत असलेल्या कृत्रिम नोंदीवर ताडून पाहता कळले, की ज्यांवर दोघा-तिघांचे एकमत होते, त्या पेशी बहुधा खऱ्या. एकट्याने शोधलेल्या बहुधा खोट्या. पंचांसमोर बसविल्याविना हे कळणार नव्हते, आणि कृती कुलपात असत्या तर पंचांसमोर बसविणेही कठीण होते.

याचे फळ कसे दिसते, त्याचे ताजे उदाहरण २०२५ सालचे. युरोप-अमेरिकेतील १२ प्रयोगशाळांनी एकत्र येऊन एकच प्रयोग एकाच रीतीने केला. १३९ उंदरांना एक छोटे चाक फिरवायला शिकविले आणि ६९९ वेळा सळया घालून मेंदूच्या जवळजवळ सर्व भागांचे बोलणे टिपले. निवडीत ६,२१,७३३ पेशी निघाल्या. एवढा आकडा हाती आल्यावर तो मिरवण्याचा मोह कोणालाही व्हावा. पण या मंडळींनी कडक चाळणी लावली आणि स्वतःच सांगून टाकले, की निःशंक म्हणाव्यात अशा पेशी त्यांत ७५,७०८ आहेत. आठांत एक! चाळणीची भोके केवढी होती, तेही त्यांनी जाहीर केले आणि नोंदीही सर्वांना खुल्या केल्या. ज्याला चाळणी जास्त कडक वाटेल, त्याने ती सैल करून पुन्हा चाळून पाहावे.

प्रत्येक कामाला निवडणे लागतेच, असे मात्र समजू नये. हातपाय लुळे पडलेल्या रुग्णाच्या मेंदूतील बोलणे ऐकून संगणकाकडून लिहवून घेण्याचे प्रयोग चालू आहेत. २०२१ साली अमेरिकेत अशा एका गृहस्थाने मनातल्या मनात हाताने लिहिण्याची नुसती कल्पना केली, आणि मिनिटाला सुमारे ९० अक्षरे पडद्यावर उमटली. तेथे पेशी-पेशी वेगळी केलीच नव्हती. प्रत्येक तारेवरचा एकूण गलबलाच घेतला होता. सभेचा कल टाळ्यांवरून कळतो, टाळी कोणाची ते विचारावे लागत नाही. पण "ही पेशी हे करते" असे ज्याला म्हणावयाचे आहे, त्याची निवडण्यातून सुटका नाही.

ओपन सोर्सच्या मार्गातही अडचणी आहेत, त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. असे प्रोग्रॅम बहुधा चार-दोन माणसांच्या चिकाटीवर जगतात. एखादा विद्यार्थी पदवी घेऊन दुसरीकडे गेला, की त्याचा प्रोग्रॅम निराधार होतो. शिवाय किलोसॉर्ट कित्येक वर्षे मॅटलॅब या विकतच्या सॉफ्टवेअरवर चाले. म्हणजे कृती फुकट, पण चूल भाड्याची! २०२४ साली त्याची चौथी आवृत्ती प्रसिद्ध झाली ती पायथन या मुक्त भाषेत, आणि भाड्याची चूल सुटली. आता नांदेडच्या किंवा कोल्हापूरच्या कॉलेजातली एखादी मुलगी बऱ्यापैकी संगणकावर तोच प्रोग्रॅम चालवू शकते, बारा प्रयोगशाळांच्या त्याच नोंदी घेऊ शकते, आणि त्यांत एखादी चूक सापडली तर ती जगाला दाखवूही शकते. तिला सळई विकत घ्यावी लागत नाही, उंदीर पाळावे लागत नाहीत, की कोणाच्या शिफारसीची चिठ्ठी आणावी लागत नाही.

तेव्हा यापुढे 'मेंदूत अमक्याची पेशी सापडली' अशी ठळक बातमी वर्तमानपत्रात वाचलीत, तर आनंद जरूर माना. शोध लावणाऱ्यांचे कौतुकही करा. मात्र मनातल्या मनात एक प्रश्न विचारून ठेवा: निवडले कोणी, आणि कोणत्या चाळणीने? उत्तर उघड्यावर मांडलेले असेल, तर बातमीवर विश्वास ठेवायला हरकत नाही. नसेल, तर खडा दाताखाली येईपर्यंत घास जरा जपून चावावा. दिवाळी सर्व वाचकांना सुखाची जावो.